पाच वर्षांनंतर जिवंत : एका तक्त्याचा इतिहास

मी पोटापाण्यासाठी तक्ते बनवते. अधिकृत हुद्दा वेगळा आहे, पण कोणी विचारलं की मी हेच सांगते. आमची कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. डॉक्टर स्क्रीनवर जे भरतात ते कुठल्या रकान्यात जाऊन बसेल, कुठला रकाना सक्तीचा, कुठला रिकामा सोडला तर चालेल, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. ज्याला रकाना नाही, ते काही काळानं घडतच नाही. म्हणजे घडतं, पण रिपोर्टात येत नाही, मीटिंगमध्ये येत नाही आणि त्यासाठी कोणी पैसे मंजूर करत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक फॉर्म आला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या बायका तपासणीला परत येतात, तेव्हा भरायचा. वजन, रक्तस्राव, लघवीचा त्रास, शौचाचा त्रास, पायाला सूज, आजार उलटल्याची लक्षणं. सगळ्यात खाली एक ड्रॉपडाउन होता : लैंगिक आयुष्य. पर्याय तीन. 'हो', 'नाही' आणि 'लागू नाही'. यातला 'लागू नाही' आधीच निवडून ठेवायचा होता. का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की तसंही कोणी विचारत नाही, डॉक्टरांचा एक क्लिक वाचतो.

मला हे खटकण्याचं कारण घरातलं होतं. माझ्या मावशीला २०१६ मध्ये हाच कॅन्सर झाला. वय ४१. बाहेरून पंचवीस शेक, मग आतून शेक, सोबत केमो. ती बरी झाली, आजही ठणठणीत आहे, शेतात राबते. घरातली कॉम्प्युटरवाली भाची म्हणून तिची फाइल स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. फाइलीसोबत पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती. परीक्षानळीसारखी, टोकाला गोल, गुळगुळीत प्लॅस्टिकची. मी विचारलं, हे काय गं? मावशी म्हणाली, "नर्सबाईनं दिली होती. वापरत जा म्हणाली. मला वाटलं औषध लावायची असंल. पण औषध तर दिलंच नाही."

तो डायलेटर होता. शेक घेतल्यावर योनीमार्ग आक्रसू नये म्हणून वापरायचा. आठ वर्षं तो लोखंडी कपाटात पडून होता. तो तिथे का पडून राहिला हे शोधत मी मागे मागे वाचत गेले आणि १८९८ पर्यंत जाऊन पोचले.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात व्हिएन्नामध्ये अर्न्स्ट वेर्टहाइम या सर्जननं पोट उघडून एक मोठी शस्त्रक्रिया केली. गर्भाशय, त्याच्या दोन्ही बाजूंना आधार देणारी ऊती, आसपासच्या लसीकाग्रंथी आणि योनीचा वरचा भाग, सगळं एकत्र काढायचं. नंतर डिसेंबरात पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध जाहीर केला. पुढच्या शंभर वर्षांत या आजारावर जे जे उपचार झाले त्यांचं मूळ या दोन महिन्यांत सापडतं. काढून टाका किंवा जाळून टाका. केमो फार नंतर आली, तीसुद्धा मुख्यतः शेकाच्या मदतीला.

वेर्टहाइमला आज नावं ठेवणं सोपं आहे. १९११ मध्ये त्यानं आपल्या ५०० शस्त्रक्रियांचा हिशेब पुस्तकात मांडला, त्यात सुमारे १८ टक्के बायका शस्त्रक्रियेपायीच दगावल्या होत्या. पण त्या काळात हा आजार म्हणजे दुर्गंधी, रक्तस्राव, लघवीची वाट बंद होणं आणि मरण. पाचपैकी चौघी टेबलावरून जिवंत उठतात, हीच तेव्हा बातमी होती. योनीचा किती भाग गेला, हे विचारायला कोणाला उसंत नव्हती, आणि मला वाटतं बायकांनाही नसावी. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टर मार्गारेट क्लीव्ह्ज यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर रेडियम वापरून पाहिलं आणि शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या बायकांसाठीही एक दार किलकिलं झालं.

मग तक्ता आला.

वेगवेगळ्या शहरांत रेडियम वापरायच्या वेगवेगळ्या पद्धती तयार झाल्या होत्या. स्टॉकहोमची एक, पॅरिसची दुसरी. कोणाची चांगली, हे ठरवायचं तर सगळ्यांनी एकाच भाषेत हिशेब मांडायला हवा. राष्ट्रसंघ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था, यात पडली. १९२९ मध्ये आजाराच्या चार पायऱ्या ठरल्या, आणि १९३७ मध्ये पहिला वार्षिक अहवाल निघाला. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या पायरीच्या किती बायका आल्या, आणि पाच वर्षांनंतर त्यातल्या किती जिवंत. नंतर हे काम फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पुढे चालवलं. पहिली ते चौथी या पायऱ्या, बरेच बदल होऊन का होईना, आजही तुमच्या-आमच्या ओळखीच्या बायकांच्या फाइलींवर लिहिलेल्या असतात.

माझ्या धंद्याच्या नजरेनं ही फार सुंदर गोष्ट आहे. इंटरनेट नाही, कॉम्प्युटर नाही, युरोप दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, आणि डॉक्टर मंडळी टपालानं आकडे पाठवून एकच तक्ता भरताहेत. त्या तक्त्यानं लाखो बायकांचे जीव वाचवले असं मी बिनधास्त म्हणेन. पण शेवटचा रकाना एकच होता : पाच वर्षांनंतर जिवंत की नाही. त्या कशा जगताहेत, याला जागा नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, मँचेस्टरच्या मार्गारेट टॉड आणि डब्ल्यू. जे. मेरेडिथ यांनी आतून शेक देण्याचं गणित मांडलं. मी इंजिनीअर, त्यामुळे हे वाचताना मला मजा आली. आधी मात्रा म्हणजे किती मिलिग्रॅम रेडियम किती तास ठेवलं, एवढंच. टॉड-मेरेडिथ जोडीनं विचारलं, शरीराच्या एका ठराविक बिंदूवर नेमकी किती मात्रा पोचते? त्यांनी बिंदू ठरवला : योनीच्या वरच्या टोकापासून २ सेंटिमीटर वर आणि गर्भाशयाच्या मधल्या नळीपासून २ सेंटिमीटर बाजूला. याचं नाव पॉइंट ए. जगभर आजही हे नाव चालतं.

योनीचा विचार त्यांनी केलाच नाही, असं मात्र नाही. पॉइंट ए वर पोचणाऱ्या मात्रेपैकी योनीत ठेवलेल्या रेडियमचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त नसावा, असा त्यांचा नियम होता. नाहीतर योनीच्या अस्तराला ते सोसवणार नाही. म्हणजे अस्तर मरू नये, सडू नये, याची काळजी होती. ते अस्तर ताणलं जातं, ओलं होतं, त्याला काही जाणवतं, हा प्रश्न त्या गणितात नव्हता. भिंत पडू नये एवढं पाहिलं, घरात कोणी राहतं का हे नाही पाहिलं. मार्गारेट टॉड स्वतः स्त्री होत्या. त्यामुळे 'पुरुष डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं' असं सोपं वाक्य लिहून मला पुढे जाता येत नाही.

आता १९५१ मधलं बाल्टिमोर. हेन्रिएटा लॅक्स हे नाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तंबाखूच्या शेतात वाढलेली कृष्णवर्णीय स्त्री, वय ३०, पाच मुलांची आई, सगळ्यात धाकटं मूल जेमतेम चार महिन्यांचं. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं निदान झालं. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या वॉर्डात तिला ठेवलं, रेडियमच्या नळ्या आत शिवून बसवल्या आणि त्याच वेळी, न विचारता, गाठीचा एक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. त्या पेशी मेल्या नाहीत. हेला या नावानं त्या आजही जगभर वाढताहेत. ती स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली.

ही गोष्ट सहसा पेशींची म्हणून सांगितली जाते, आणि न विचारता घेतलेल्या तुकड्याची म्हणून. रेबेका स्क्लूट यांचं २०१० चं पुस्तक वाचताना मी एका दुसऱ्याच नोंदीपाशी अडकले. उपचार झाल्यावर हेन्रिएटाला कळलं की आता तिला मूल होणार नाही. तिच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की हे आधी सांगितलं असतं तर आपण हे उपचार घेतलेच नसते, असं ती म्हणाली. आधी कल्पना द्यायची पद्धत तिथे होती, असं तिच्या डॉक्टरांनी पुढे स्क्लूट यांना सांगितलं. असेलही. पद्धत असणं आणि समोरच्या बाईपर्यंत ती पोचणं यात किती अंतर असतं, हे मी मावशीच्या कपाटात पाहिलंय.

त्या नोंदीत मला एक वेगळीच गोष्ट दिसते. डॉक्टरांच्या लेखी हिशेब सरळ होता : एका बाजूला जीव, दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं. हेन्रिएटाचा हिशेब वेगळा होता. तो बरोबर होता की चूक, हे मी कोण ठरवणार? पण तिचा हिशेब विचारायला हवा होता. तिच्या पेशींमध्ये पुढे १९८४ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला एचपीव्ही-१८ हा विषाणू सापडला. या संशोधनातून पुढे लस आली, त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं, आणि २०२३ मध्ये पुण्याच्या सीरमनं सर्वाव्हॅक ही भारतीय लस बाजारात आणली. तिच्या शरीरातून जग इतकं काही शिकलं, आणि तिच्या त्या एका वाक्यातून शिकायला फार वेळ लावला.

त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९८२ च्या एप्रिलमध्ये पॅट्रिक वॉल्श या सर्जननं प्रोस्टेट कॅन्सरच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. तोवर प्रोस्टेट काढलेल्या बहुतेक पुरुषांची लिंगाची ताठरता कायमची जायची. ती का जाते, नेमक्या कुठल्या नसा कापल्या जातात, हे वॉल्शनं आदल्या वर्षी हॉलंडमधल्या लायडन गावी पीटर डोंकर या निवृत्त प्राध्यापकांसोबत शवविच्छेदन करून शोधलं होतं. नसा सापडल्या, त्या वाचवून ग्रंथी काढायची पद्धत ठरली आणि काही वर्षांत ती जगभर पसरली. कॅन्सर काढताना पुरुषाचं लैंगिक आयुष्य वाचवणं हे सर्जनच्या कौशल्याचं माप झालं.

बायकांच्या नसांचं काय? गंमत अशी की त्या आधीच सापडल्या होत्या. जपानमध्ये क्योतोच्या ओकाबायाशी यांनी १९२१ मध्ये वेर्टहाइमपेक्षाही व्यापक शस्त्रक्रिया मांडली. तिच्यानंतर बायकांना लघवीच होईना, कारण मूत्राशयाच्या नसा कापल्या जायच्या. म्हणून १९६१ मध्ये तोक्योच्या ताकाशी कोबायाशी यांनी नसा वाचवायची पद्धत लिहिली. वॉल्शच्या २१ वर्षं आधी. फक्त हेतू मूत्राशय वाचवण्याचा होता. योनीकडे रक्त नेणारी यंत्रणाही त्याच नसांच्या जाळ्यावर चालते, हे त्या हिशेबात नव्हतं. मूत्राशयाला रकाना होता.

ही जपानी पद्धत युरोपात रुजायला २००१ उजाडलं, आणि ती रुजवणाऱ्यांत पुढे होते लायडनचेच ट्रिम्बोस आणि त्यांचे सहकारी. वॉल्शनं पुरुषांच्या नसा ज्या गावात शोधल्या तेच हे गाव, वीस वर्षांनी. या गटानं आणखी एक गोष्ट केली. उत्तेजनेच्या वेळी योनीतला रक्तप्रवाह किती वाढतो, हे मोजलं. नेहमीची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांत तो कमी भरला. नसा वाचवलेल्यांत निरोगी बायकांच्या जवळपास. २००८ चा तो अहवाल प्राथमिक होता, बायका थोड्या होत्या. तरी पुरुषांच्या बाबतीत जे १९८२ मध्ये साधलं, त्याचं नुसतं मोजमाप बायकांच्या बाबतीत इथपर्यंत लांबलं. शेजारच्या शास्त्रात फार वेगळी स्थिती नव्हती. क्लिटोरिसची खरी रचना केवढी मोठी आहे हे ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओकॉनेल यांनी शवविच्छेदन करून मांडलं ते १९९८ मध्ये. तोवर माणूस चंद्रावर जाऊन तीस वर्षं होत आली होती.

इथे थोडं थांबून शरीरात काय होतं ते सांगते, कारण मला हे एका जागी, मराठीत, कुठे मिळालं नव्हतं. शेकानं योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, त्यामुळे ऊतींना रक्त कमी मिळतं, त्या घट्ट आणि कडक होत जातात. भिंती एकमेकींना चिकटून मार्ग अरुंद किंवा आखूड होऊ शकतो. हे एका रात्रीत होत नाही, महिनोन्महिने चालतं. त्यामुळे फक्त संबंधच दुखरे होतात असं नाही, पुढची आतली तपासणीही अवघड होते. शिवाय अंडाशय शेकाच्या टप्प्यात येतात आणि बंद पडतात. चाळिशीतल्या बाईची पाळी काही आठवड्यांत कायमची जाते. इतर बायकांना जे सोसायला काही वर्षं मिळतात ते हिच्यावर एकदम कोसळतं : अंगातून वाफा, झोप उडणं, कोरडेपणा, ठिसूळ होणारी हाडं. शस्त्रक्रियेत अंडाशय ठेवता येतात, पण योनी आखूड होते आणि नसांचं काय होईल ते सर्जनच्या हातावर.

यावर उपाय आहेत. वंगण देणारी जेल, डायलेटर, आणि हार्मोन. गर्भाशयमुखाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो तो हार्मोनवर पोसला जाणारा नसतो, त्यामुळे अकाली पाळी गेलेल्या अनेकींना हार्मोनची गोळी किंवा योनीत लावायचं मलम देता येतं. ते कोणाला चालेल हे डॉक्टरांनीच ठरवायचं, पण विचारायला हवं. मावशीला कोणी ही शक्यता सांगितली नव्हती. तिला दोन वर्षं रात्री दरदरून घाम यायचा, आणि तिची समजूत होती की शेकाची उष्णता अंगातून निघतेय.

१९९९ हे वर्ष मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकं वाटतं. १५ एप्रिलच्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एकाच अंकात तीन मोठे अभ्यास आले. शेकासोबत सिस्प्लाटिन ही केमो दिली तर जास्त बायका जगतात. त्याआधीच, फेब्रुवारीत, अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं डॉक्टरांसाठी तशी सूचनाही काढली होती, आणि जगभरचे उपचार बदलले. मावशीला मिळालेली केमो ही त्याच अंकाची देणगी. ती आज आहे त्यात त्या तीन अभ्यासांचा वाटा आहे.

बरोबर तीन आठवड्यांनी, ६ मेच्या अंकात, स्वीडनच्या कारिन बर्गमार्क आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. सुरुवातीच्या पायरीवर उपचार झालेल्या २५६ बायका आणि तुलनेसाठी कॅन्सर न झालेल्या ३५० बायका. टपालानं निनावी प्रश्नावली पाठवली आणि सरळ विचारलं. ओलावा पुरेसा नाही असं म्हणणाऱ्या : उपचार झालेल्यांत २६ टक्के, इतरांत ११. योनी आखूड झाली : २६ विरुद्ध ३. पुरेशी ताणली जात नाही : २३ विरुद्ध ४. आणि याच अभ्यासात असंही दिसलं की कामतृप्तीची वारंवारता आणि तिच्यातला आनंद दोन्ही गटांत सारखाच होता. हे वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणजे सुख घेण्याची ताकद गेलेली नव्हती, वाटेत अडचण उभी राहिली होती. अडचण असेल तर ती दूर करायचा प्रयत्न करता येतो. 'आता तिला कशाला हवंय ते' या समजुतीला याहून सरळ उत्तर मला सापडलं नाही.

एप्रिलचा अंक लगेच जगभरच्या वॉर्डांत पोचला. मेच्या अंकासाठी कोणी सूचना काढली नाही.

शेकाच्या बाबतीत रकाना कधी आला, त्याचा माग नेमका काढता येतो. किरणोत्सर्ग मोजण्याचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी आयसीआरयू नावाची समिती आहे. आतून शेक देताना काय काय नोंदवावं, हे तिनं १९८५ च्या ३८ क्रमांकाच्या अहवालात सांगितलं. मूत्राशयावर एक बिंदू, गुदाशयावर एक बिंदू. किरणांचा स्रोत ज्या अवयवात ठेवायचा, त्याच्यासाठी एकही नाही. योनी फार सोशिक असते, अशी समजूत होती. सोशिक असल्याचा हा फायदा मराठी बायकांना वेगळा समजावून सांगायला नको.

योनीवरचे बिंदू आले ते ८९ क्रमांकाच्या अहवालात, जो प्रत्यक्ष छापून आला २०१६ मध्ये. १९३८ ते २०१६ : पॉइंट ए पासून ७८ वर्षं. त्याच वर्षी एम्ब्रेस या अनेक देशांतल्या अभ्यासातून ६३० बायकांचे आकडे आले. गुदाशय आणि योनी यांच्यामधल्या बिंदूवरची मात्रा जितकी जास्त, तितका योनी अरुंद होण्याचा धोका जास्त, असं दिसलं. त्यावरून ही मात्रा बाहेरचा आणि आतला शेक मिळून ६५ ग्रेच्या आत ठेवायचा प्रयत्न करावा, असं सुचवलं गेलं. कॅन्सरवरची मात्रा कमी न करता योनीवरची कमी करता येते. स्रोत कुठे किती सेकंद थांबवायचा हे सॉफ्टवेअरनं बदलता येतं. पण सॉफ्टवेअरला तो बिंदू सांगावा लागतो. मावशीचे शेक २०१६ च्याच उन्हाळ्यातले. तिच्या फाइलीत पॉइंट ए चा आकडा आहे, मूत्राशयाचा आहे, गुदाशयाचा आहे.

आणि डायलेटर? त्याचीही कथा सरळ नाही. २०१० मध्ये कॉक्रेननं उपलब्ध अभ्यास चाळले, तेव्हा त्याच्या नियमित वापरानं अरुंद होणं टळतंच, असा भक्कम पुरावा मिळाला नाही; चुकीच्या वेळी, चुकीच्या पद्धतीनं वापरला तर इजा होऊ शकते, हेही दिसलं. तरी जगभर तो दिला जातो, आणि नीट शिकवला तर अनेकींना उपयोगी पडतो. नीट शिकवला तर. इथे शिकवणं हाच उपचार आहे, आणि त्याला औषधाच्या बिलात जागा नसते.

आमच्या फॉर्मचं म्हणाल तर एका रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी हट्ट धरला आणि 'लागू नाही' आधीच निवडलेला असणं बंद झालं. आता तिथे दोन प्रश्न आहेत. पहिला बाईसाठी नाही, डॉक्टरांसाठी आहे : याबद्दल विचारलं का?

विचारायचं कुठल्या शब्दांत, हा आपल्याकडचा खरा पेच. आपल्याकडे आजाराला शब्द आहेत. अंगावरून जातं, पिशवी काढली, शेक घेतले, लाइट घेतली. या शब्दांत बायका एकमेकींना सगळं सांगतात, अगदी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. पण पिशवीच्या खाली शब्द संपतात. 'संबंध' म्हणावं तर ते कागदावरचं, 'जवळ येणं' म्हणावं तर सिनेमातलं. बाकीचे शब्द शिव्यांत गेलेत. डॉक्टर तरुण मुलगा असेल, सोबत सासू किंवा दीर उभा असेल, ओपीडीत चारशेची रांग असेल, तर 'लागू नाही' हाच सगळ्यांच्या सोयीचा पर्याय उरतो.

मावशीला मी शेवटी घेवडा निवडता निवडता विचारलं. हातात काम असलं की ती बोलते. म्हणाली, "तुझ्या काकांना वाटायचं, मला लागंल. मला वाटायचं, त्यांना लागंल." एकच शब्द, दोन भीती. काकांना भीती तिला दुखण्याची, तिला भीती त्यांना आजार लागण्याची. कॅन्सर असा लागत नाही. तो घडवणारा विषाणू संबंधांतून पसरतो हे खरं, पण तो इतका सर्रास आढळतो की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो आणि बहुतेकांत आपोआप निघूनही जातो. हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं. ती दोन मिनिटं कोणी दिली नाहीत, आणि दोघं आठ वर्षं वेगळ्या खोल्यांत झोपली. जीव वाचला हेच खूप, असं ती आधी म्हणाली. मग थोड्या वेळानं, शेंगांकडे बघतच, "पण विचारलं असतं कुणी, तर सांगितलं असतं की." मी हे लिहू का म्हटल्यावर म्हणाली, लिही, नाव नको. आणि ती नळी कशाची ते लिही, बायांना कळू दे.

मराठवाड्यातल्या बायकांचा या आजाराच्या जागतिक इतिहासात मोठा वाटा आहे, हेही सांगायला हवं. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले : तपासणी झालेल्या गटात ३४, न झालेल्या गटात ६४. त्या अभ्यासात ज्या गटाची तपासणी केली नाही त्यावरून वादही झाला. तरी जगातली तपासणीची धोरणं बदलण्यात या बायकांचे आकडे कामी आले. जिथे ३४ आणि ६४ मोजायचे असतात, तिथे बाकीचे रकाने मागे पडणं मला समजतं. २०२२ मध्ये भारतात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण सापडले. पण आता वाचणाऱ्याही हजारोंनी आहेत, आणि त्या तिशी-चाळिशीतच वाचताहेत. त्यांच्यापुढे तीस-चाळीस वर्षं आहेत.

२०२४ च्या फेब्रुवारीत शेप नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. १२ देशांतल्या ७०० बायका, गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी नाही, धोका कमी. निम्म्यांची वेर्टहाइमच्या वळणाची मोठी शस्त्रक्रिया, निम्म्यांचं साधं गर्भाशय काढणं. तीन वर्षांत कटिभागात आजार उलटण्याचं प्रमाण मोठ्या शस्त्रक्रियेत २.१७ टक्के, साध्या शस्त्रक्रियेत २.५२ टक्के. फरक नगण्य. लघवीचे त्रास साध्या गटात कमी होते. आणि या अभ्यासाच्या तक्त्यात सुरुवातीपासूनच लैंगिक आरोग्याचे रकाने होते. बायकांनी ते स्वतः भरले, आणि त्यांतही साध्या शस्त्रक्रियेचा गट पहिली काही वर्षं बरा दिसला. म्हणजे अशा बायकांच्या बाबतीत योनीचा वरचा भाग आणि बाजूच्या ऊती काढायची गरज नव्हती. १८९८ पासूनच्या एका सवयीला सव्वाशे वर्षांनी पुराव्यासह नाही म्हटलं गेलं.

आपल्याकडे मात्र इतक्या लहान गाठीवर असताना दवाखान्यात पोचणाऱ्या बायका थोड्या. बहुतेकींचा आजार शस्त्रक्रियेच्या पुढे गेलेला असतो आणि त्यांच्या वाट्याला शेकच येतात. त्यांच्यासाठी कामाचा आकडा आहे तो ६५ ग्रेचा. मुंबईचं टाटा रुग्णालय एम्ब्रेसमध्ये सहभागी होतं, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना हा आकडा परका नाही. तो आपल्या माणसाच्या प्लॅनमध्ये लिहिलाय का, हे शेक सुरू होण्याआधी विचारता येतं.